मुलांना घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर: तारागोना आणि एम्पुरिएसचे अवशेष कसे बघावेत

स्पेनला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. बार्सिलोना दोन रात्री, माद्रिद दोन रात्री, मध्ये कुठेतरी ग्रानादा कोंबायचं आणि दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या. त्या कार्यक्रमावर भरपूर लिहून झालंय. हे लिखाण वेगळ्या बेतासाठी आहे. ज्यांच्याबरोबर सहा ते चौदा वयाची मुलं आहेत, कदाचित आजी-आजोबाही आहेत, इतिहासाची आवड आहे, पण दिवसभर म्युझियमं पालथी घालायची ताकद नाही, त्यांनी स्पेनच्या ईशान्येकडचा, कातालोनियाचा किनारा धरावा. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची शहरं अक्षरशः समुद्राला लागून आहेत.

सगळ्या बेताचा कणा एकच: एका दिवशी एकच अवशेष, तोही सकाळी, आणि त्याच्याजवळ समुद्र. बाकी सगळं याभोवती बसवायचं.

१. आधी नकाशा लहान करा

दोनच मुक्काम ठेवा. बार्सिलोनाच्या दक्षिणेला तारागोना आणि उत्तरेला लेस्काला नावाचं छोटं गाव. तारागोना म्हणजे रोमनांचं तार्राको, त्यांच्या स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या प्रांताची राजधानी. लेस्कालाला लागून एम्पुरिएस आहे, जिथे आधी ग्रीक व्यापारी आले आणि मागाहून रोमन सैन्य. तारागोनाला चार-पाच रात्री, लेस्कालाला दोन-तीन आणि विमानाच्या सोयीने बार्सिलोनाला एक-दोन, एवढं पुरेसं आहे. माद्रिद यात बसत नाही, बसवायला जाऊ नका.

२. कधी जायचं

आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीसाठी हा किनारा जवळजवळ मुद्दाम बनवल्यासारखा आहे. मे महिन्यात हवा सुखद असते, दिवस मोठा असतो, महिनाअखेरीस सूर्य नऊनंतर मावळतो. आणि मे महिन्यातच तारागोनात ‘तार्राको व्हिवा’ हा रोमन महोत्सव भरतो. रोमन सैनिकांची छावणी, ग्लॅडिएटरांच्या लढती, त्या काळचा स्वयंपाक, औषधं, लेखन, असं बरंच काही अभ्यास करून सादर केलेलं असतं. निवेदन बहुतेक कातालान किंवा स्पॅनिशमध्ये, पण ढालीवर तलवार आपटल्याचा आवाज कळायला भाषा लागत नाही. त्या दिवसांत हॉटेलं लवकर भरतात, म्हणून तारखा जाहीर झाल्या की खोली आधी ठरवा.

मे महिन्याची एकच उणीव म्हणजे पाणी थंड असतं, सतरा-अठरा अंशांच्या आसपास. अलिबाग-गणपतीपुळ्याच्या कोमट पाण्यात वाढलेली मुलं पाय बुडवून किंचाळत बाहेर येतील. पोहण्याचा हट्टच असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्याकडे सरका. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी छान असतं, पण किनाऱ्यावर अख्खा युरोप उतरलेला असतो आणि अवशेषांमध्ये सावली नावाला नसते. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी असते, तिकिटंही स्वस्त मिळू शकतात, मात्र शरद ऋतूत या किनाऱ्यावर अचानक धो-धो पाऊस पडतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की संध्याकाळ लवकर संपते.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस केंद्रांतून जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि नियमाने किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणं हीच खरी अडचण, म्हणून मे महिन्यात जायचं तर फेब्रुवारीतच हात घाला. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वयाच्या मुलांना ४५ युरो अशी फी आहे. सहा वर्षांखालच्यांना फी नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र भरायचा असतो.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत ठेवा. आई-वडिलांपैकी एकजणच जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं, आणि त्यासाठी धावपळ नेमकी शेवटच्या आठवड्यात होते.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. वाटेत फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलत असाल तर हे सोपस्कार तिथेच होतात. त्यामुळे दोन विमानांमध्ये दीड तासाचं अंतर कागदावर कितीही छान दिसलं, तरी मुलं बरोबर असताना तीन तास ठेवा.

४. निघण्याआधी एक छोटी सहल

मुलांना एकदम रोमन खांबांसमोर उभं केलं तर दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांच्या डोक्यात आधी एखादी गोष्ट हवी. शक्य असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूची ही वस्तू व्यापाराच्या वाटेने पंचगंगेकाठी आली. मराठवाड्यातल्या मंडळींना धाराशिव जिल्ह्यातलं तेर जवळ पडेल. रोमन जगाला ते तगर म्हणून माहीत होतं. त्या माणसांशी आपला व्यवहार होता एवढं मुलांना कळलं तरी पुढच्या प्रवासाला धागा मिळतो.

दुसरी गोष्ट हॅनिबलची. इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या रोमच्या शत्रू शहराचा, हा सेनापती स्पेनमधून हत्ती घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला. त्याची रसद स्पेनमध्येच तोडावी म्हणून रोमने नायुस स्किपिओला समुद्रमार्गे पाठवलं. तो उतरला एम्पुरिएसला आणि पुढे तळ ठोकला तार्राकोला. म्हणजे आपले दोन्ही मुक्काम त्याच एका मोहिमेवर आहेत. ही गोष्ट विमानात सांगा, वेळ जायला बरी.

५. पोहोचणं

मुंबईहून आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून बार्सिलोनाला उतरा आणि पहिली रात्र तिथेच काढा. दुसऱ्या दिवशी सांत्स स्टेशनवरून तारागोनाची प्रादेशिक गाडी पकडा. तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि वाटेत बराच काळ समुद्र अगदी खिडकीशी असतो. डावीकडच्या जागा धरा.

इथे नवख्यांचा एक घोळ हमखास होतो. तारागोनाला स्टेशनं दोन आहेत. ‘तारागोना’ हे शहरातलं, समुद्राजवळचं. ‘काम्प दे तारागोना’ हे वेगवान गाड्यांचं, शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध. वेगवान गाडी बार्सिलोनाहून अर्ध्या तासात तिथे पोहोचते, पण मग बस किंवा टॅक्सी शोधत बसावं लागतं. बॅगा आणि मुलं असतील तर हळू गाडीच खरी जलद. निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक मात्र तपासा. रुळांची कामं निघाली की काही टप्पा बसने नेतात.

शहरातल्या स्टेशनवरून वरच्या भागात जायला चांगला चढ आहे. बॅगांसह टॅक्सी करा. राहायला जुन्या शहरातली, म्हणजे पार्त आल्तातली घरं फोटोत मोहक दिसतात. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते आणि रात्री खालच्या चौकातला गोंगाट वर येतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर राम्ब्ला नोव्हा या रुंद रस्त्याच्या आसपास राहा. सपाट आहे, लिफ्ट मिळते, आणि अवशेष चालत दहा मिनिटांवर.

६. तारागोना: कोणत्या क्रमाने

सोमवारी ऐतिहासिक स्थळं बहुतेक बंद असतात. तो दिवस समुद्राला देऊन टाका. इतर दिवशी उघडण्याच्या वेळेला दारात उभे राहा, कारण अकरानंतर बसभर सहली येतात. शहरातल्या सगळ्या रोमन स्थळांचं एकत्रित तिकीट मिळतं. दोन-तीनपेक्षा जास्त ठिकाणं बघणार असाल तर तेच घ्या. मुलांना सवलत किंवा मोफत प्रवेश असतो, म्हणून वयाचा पुरावा मोबाइलमध्ये ठेवा. तार्राकोचे अवशेष २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले काही शहरात आणि काही बाहेर विखुरलेले आहेत, म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिल्या संध्याकाळी तिकीट काढायचं काहीही बघू नका. राम्ब्ला नोव्हाच्या टोकाला समुद्राकडे उघडणारा मोठा कठडा आहे, ‘बाल्कॉ देल मेदितेरानी’. गावकरी येता-जाता त्याच्या लोखंडाला हात लावतात, शुभ असतं म्हणे. आपणही लावावा. तिथून डावीकडे खाली बघितलं की अँफिथिएटर, म्हणजे रोमनांच्या लढतींचं रिंगण आणि भोवतीच्या बैठकी, दिसतं आणि त्याच्या मागे थेट पाणी. दुसऱ्या दिवशी काय बघायचंय ते मुलांना वरूनच दाखवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँफिथिएटर. दुसऱ्या शतकात बांधलेलं, चौदा हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील एवढं. काही ओळी बांधलेल्या आहेत, काही सरळ उतारावरच्या खडकातच कोरल्या आहेत. हा फरक मुलांना शोधायला लावा. मग खाली रिंगणाकडे बघा. मधोमध भिंतींचे अर्धवट तुकडे दिसतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच उमगत नाही. त्याचा उलगडा असा: इ.स. २५९ मध्ये इथे बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याचे दोन सहकारी यांना ख्रिस्ती असल्याबद्दल जिवंत जाळलं. साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर सहाव्या शतकात त्यांच्या स्मरणार्थ रिंगणातच चर्च उभं राहिलं, त्यासाठी दगड याच बैठकींचे वापरले. बाराव्या शतकात त्यावर दुसरं चर्च आलं. पुढे मठ झाला, त्यानंतर कैद्यांचा तुरुंग. आज दिसतात ते या सगळ्यांचे उरलेले पाये. एका चर्चच्या पोटात दुसऱ्याची आखणी दिसते, ती वरच्या पायरीवरून जास्त स्पष्ट कळते. दगडाच्या जपणुकीच्या कामामुळे काही भाग कधीकधी बंद ठेवतात. तेव्हा बाहेरच्या बागेतून वरून बघायला पैसे पडत नाहीत आणि खरं सांगायचं तर दृश्य तिथूनच उत्तम आहे.

त्यानंतर मीराक्ले किनारा खालीच आहे, रुळांच्या पलीकडे. वाळूत जा, जेवा, झोपा.

तिसऱ्या दिवशी सर्कस. नाव ऐकून मुलं विदूषक शोधतील. ही रथांच्या शर्यतीची धावपट्टी आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेली, सव्वातीनशे मीटर लांब. तीस हजार माणसं मावत. गंमत अशी की ती नाहीशी झालीच नाही, तिच्यावर शहर चढलं. बैठकींखालच्या लांबलचक कमानी लोकांनी तळघरं, गोदामं, दुकानं म्हणून वापरल्या, आणि आजही कित्येक घरांच्या नि हॉटेलांच्या मागच्या भिंती रोमन आहेत. तिकीट काढून जाता येतं त्या भागात थंडगार अंधाऱ्या बोगद्यातून चालत जायचं आणि शेजारच्या प्रेतोरी मनोऱ्यावर चढायचं. मनोऱ्याला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी चौकशी करावी. वरून शहर तीन पायऱ्यांत उतरताना दिसतं. सर्वांत वर, जिथे आता कॅथेड्रल आहे, तिथे सम्राटपूजेचं पवित्र आवार होतं. त्याखाली प्रांताच्या कारभाराचा भव्य चौक. त्याखाली सर्कस. राज्य कसं चालतं ते डोंगरउतारावर मांडून ठेवलं होतं त्यांनी, आणि समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला ते दिसत असे.

बाहेर पडल्यावर प्लासा दे ला फोन्त या लांबट चौकात बसा. तो लांबट का आहे, ते मुलांना विचारा. तुमची खुर्ची धावपट्टीवर असते.

सम्राट ऑगस्टस इ.स.पू. २६-२५ च्या सुमारास या शहरात राहिला होता आणि काही काळ साम्राज्याचा कारभार इथून चालला. त्याचा एक जुना किस्सा आहे. गावकऱ्यांनी मोठ्या कौतुकाने त्याला कळवलं की तुमच्या नावाच्या वेदीवर खजुराचं झाड उगवलंय, केवढा शुभशकुन! तो म्हणाला, म्हणजे तुम्ही तिथे अग्नी किती वेळा पेटवता ते कळलं. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसून सांगायला छान आहे.

तटबंदीची फेरी, ‘पासेइग आर्केओलोजिक’, संध्याकाळी करा. पायाशी माणसाहून मोठे ओबडधोबड दगड, वर नीट घडवलेले चौकोनी. सह्याद्रीतले किल्ले फिरलेली मुलं इथे आपणहून बुरूज आणि चोरदरवाजे मोजू लागतात. साडेतीन किलोमीटरपैकी अकराशे मीटरच्या आसपास भिंत शिल्लक आहे. स्थानिक फोरम, म्हणजे शहराचा सार्वजनिक चौक, आणि रोमन नाट्यगृह वेळ उरला तरच. मुलांसाठी तिथे फारसं नाही.

राम्ब्ला नोव्हावर मानवी मनोऱ्याचं एक मोठं शिल्प आहे. ते बघून प्रत्येक मराठी माणूस एकच वाक्य बोलतो. हे कास्तेल्स, म्हणजे कातालोनियाचे मानवी मनोरे, २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आले. सर्वांत वर लहान मूल चढतं, एक हात उंचावतं आणि उतरतं. हंडी नाही, लोणी नाही, पाण्याचा मारा नाही. चार थर लावून सलामी दिलेले काका बरोबर असतील तर शिल्पापाशी अर्धा तास जास्त धरून ठेवा. सप्टेंबरात सांता तेक्लाच्या उत्सवात गेलात तर खरे मनोरे बघायला मिळतील.

७. पाण्याचा पूल

शहराबाहेर चारेक किलोमीटरवर ‘लेस फेरेरेस’ हा जलवाहिनीचा पूल आहे. लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात. २१७ मीटर लांब, २७ मीटर उंच, खाली अकरा आणि वर पंचवीस कमानी, आणि दगड जोडायला चुना नाही. नुसता भार एकमेकांवर तोलून धरलाय. वरच्या पन्हळीतून चालत पलीकडे जाता येतं, जिथून कधीकाळी फ्रांकोली नदीचं पाणी शहराकडे जात असे. पन्हळ अरुंद आहे, समोरून माणसं आली की अंग चोरावं लागतं. लहानांचा हात सोडू नका आणि उंचीची भीती असलेल्यांना खालच्या पाइनच्या झाडीत बसवा.

सांत साल्वादोरच्या दिशेने जाणारी शहर बस जवळ सोडते. परतीचा थांबा कुठे आहे ते उतरतानाच चालकाला विचारून घ्या. पाणी आणि खाणं बरोबर न्या, तिथे दुकान नाही.

एक दिवस उरला तर लोकल गाडीने आल्ताफुल्याला जा. तिथे ‘एल्स मुन्त्स’ नावाचा रोमन श्रीमंताचा समुद्रकाठचा बंगला आहे, स्नानगृहांसकट. त्याचा एक मालक, गायुस व्हालेरियुस आव्हितुस, तार्राकोच्या नगरप्रशासनातला बडा अधिकारी होता. कामाला शहरात आणि आरामाला किनाऱ्यावर, ही पद्धत तेव्हाचीच. तासाभरात बघून होतं, पुढे किनारा मोकळा. आणि मुलांनी अवशेष पुरे म्हणून जाहीर करून टाकलं असेल, तर साळोऊजवळ पोर्तआव्हेन्तुरा हे मोठं मनोरंजन उद्यान आहे. निमूटपणे एक दिवस द्या. घरातली शांतता त्याहून महाग पडते.

८. एम्पुरिएस

तारागोनाहून लेस्कालाला जायचा दिवस फक्त प्रवासाचा ठेवा. बार्सिलोनाहून लेस्कालाला थेट बस आहे, किंवा जिरोनापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस. या टप्प्यावर मात्र मोटार भाड्याने घेणं सोयीचं. भारतातून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा. वाहतूक उजवीकडून. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागच्या सीटवर योग्य बालआसनात बसवणं सक्तीचं आहे, ते गाडीबरोबरच मागवा. गाडी उभी करून जाताना आत एक पिशवीसुद्धा दिसता कामा नये.

इ.स.पू. सहाव्या शतकात आशिया मायनरच्या फोकाया शहरातले ग्रीक इथल्या एका छोट्या बेटावर येऊन व्यापार करू लागले. ते बेट आता बेट राहिलेलं नाही. नद्यांच्या गाळाने जमिनीला जोडलं गेलं आणि त्यावर सांत मार्ती हे टुमदार गाव आहे. वस्ती वाढल्यावर ग्रीकांनी समोरच्या जमिनीवर नवं शहर वसवलं. त्याच्या वरच्या अंगाला रोमनांनी आपलं शहर आखलं. १९०८ पासून इथे पद्धतशीर उत्खनन चालू आहे आणि रोमन शहराचा बराच मोठा भाग अजून मातीखालीच आहे.

बघण्याचा क्रम खालून वर. आधी ग्रीक भाग: अरुंद गल्ल्या, चिकटून घरं, पाण्याच्या टाक्या, बाजाराचा चौक. आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या आवारात त्याच्या मूर्तीची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून उभी आहे. १९०९ मध्ये सापडलेली मूळ मूर्ती आतल्या संग्रहालयात. मग वर रोमन भागात गेलात की रस्ते एकदम सरळ आणि रुंद होतात, काटकोनात छेदतात. दोन समाज शहराचा विचार किती वेगळा करत होते ते एवढ्या जवळजवळ क्वचितच बघायला मिळतं. श्रीमंतांच्या घरांत काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या फरशा जागच्या जागी आहेत. मुलांना गुडघ्यांवर बसवून जवळून बघू द्या, खडा नखाएवढा असतो. दक्षिणेच्या तटाच्या दारात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, तिथे बोट फिरवायचा मोह होतोच. त्याच भिंतीवर नजर लागू नये म्हणून एक लिंगाकृती कोरलेली आहे. मुलं विचारतील, उत्तर तयार ठेवा.

खापराचा तुकडा पायाखाली आला तर उचलून खिशात टाकायचा नाही, हे आत शिरण्याआधी सांगून ठेवा. कायद्याने गुन्हा आहे.

बाहेर पडून किनाऱ्यावर या. वाळूत एक जाडजूड दगडी भिंत उभी आहे, तो जुन्या बंदराचा धक्का. त्याला तिकीट नाही, राखण नाही, पोरं त्याच्या सावलीत किल्ले बांधत असतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची ज्योत ग्रीसहून समुद्रमार्गे आली ती याच किनाऱ्यावर उतरली, १३ जूनला. लेस्कालापासून सांत मार्तीपर्यंत पाण्याच्या कडेने चालायचा सुरेख रस्ता आहे; संध्याकाळी तोच करा. ‘त्रामुन्ताना’ हा उत्तरेचा वारा सुटला की टोप्या उडतात, छत्र्या उलटतात. त्या दिवशी समुद्र विसरा.

९. खाणं

दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळात हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद असतं, हे मुलांच्या पोटाला पटत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, कुकर नसला तरी खिचडी होते. दुपारी ‘मेनू देल दिआ’ मागवा: ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव आणि गोड. रात्री घरी.

शाकाहाऱ्यांसाठी टोमॅटो चोळलेला पाव म्हणजे ‘पा आम्ब तुमाकेत’ सगळीकडे मिळतो. ‘एस्कालिवादा’त भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची असते, वर ऑलिव्ह तेल, भरताची चुलत बहीणच, फक्त फोडणी आणि तिखट विसरलेली. कधीकधी वर मासा ठेवतात, तो नको म्हणून सांगा. मनुके आणि पाइनचे दाणे घातलेला पालक चांगला लागतो. ‘तोर्तिया’त बटाट्याबरोबर अंडं असतं. आणि सावध: ‘व्हेहेताल’ नावाच्या सँडविचमध्ये टुना मासा आणि अंडं सर्रास असतं. भाजीच्या डिशमध्येही हॅमचे तुकडे चवीपुरते टाकतात, त्यांना ते मांस वाटतच नाही. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ हे तिन्ही शब्द म्हणा, एकाने भागत नाही. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. लेस्कालाच्या खारवलेल्या अँचोव्ही प्रसिद्ध आहेत, आणि तारागोनाचा बदाम-हेझलनटचा ‘रोमेस्को’ सॉस कशाबरोबरही चालतो.

रविवारी सुपरमार्केटं बहुतेक बंद. शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी, पाव आणून ठेवा.

१०. राहिलेलं

यूपीआयवर विसंबू नका. फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो ठेवा, लहान नाणी बसला लागतात. बार्सिलोनाच्या मेट्रोत आणि सांत्स स्टेशनवर खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. पासपोर्ट कमरेच्या पिशवीत, मोबाइल मागच्या खिशात नको. जुन्या शहराच्या दगडी रस्त्यांवर बाबागाडीची चाकं अडतात, तान्हं मूल असेल तर पाठीवरचा झोळा न्या. चपला अवशेषांत घसरतात, बूट घाला. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, मग लाटा कितीही लहान दिसोत.

मुलं मोठी असतील आणि ही सहल मानवली, तर पुढच्या खेपेला दक्षिणेकडे बघा. कार्ताहेनाचं रोमन नाट्यगृह शतकानुशतकं घरांखाली गाडलेलं होतं, १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडलं. आज ते शहराच्या मधोमध आहे आणि म्युझियममधून बोगद्याने तिथे पोहोचता येतं. काडिस प्रांतातल्या बाएलो क्लाउदियाला मासे खारवायचे गोल हौद आहेत आणि स्वच्छ दिवशी समोर आफ्रिका दिसते. तिथे मोटारीशिवाय जाणं अवघड, आणि वाऱ्याचा तो भाग असल्यामुळे जाडसर जॅकेट उन्हाळ्यातही बरोबर असावं.